जेलवाली ताई

पडद्यावर सिनेमा चालू असायचा, बघणारी माणसं पोट धरून हसत असायची, आणि ताई पडद्याकडे पाठ करून बसलेल्या असायच्या. त्यांच्यासमोर लॅपटॉप असे आणि त्यावर एकाखाली एक थरथरणाऱ्या रेघा. आमचं एकही काम त्यांनी कधी सरळ बसून बघितलं नाही. तरी कोणतं चालणार आणि कोणतं पडणार हे आमच्या सगळ्यांच्या आधी त्यांना कळायचं. जन्मभर प्रेक्षकांकडे डोळे लावून बसलेल्या मला जे दिसत नव्हतं ते या पाठमोऱ्या बाईला दिसावं, याचा मला किती त्रास झाला ते मीच जाणतो.

जळगावात त्यांना सगळे 'जेलवाली ताई' म्हणत. नवख्या माणसाला वाटायचं, बाई तुरुंगात नोकरीला असतील. खरं म्हणजे त्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत. मेंदूत चाललेली हालचाल डोक्यावरून टिपणारी टोपी त्यांच्याकडे होती. टोपीला बटणांसारख्या चकत्या, प्रत्येक चकतीला एक वायर, आणि चकती डोक्याला नीट चिकटावी म्हणून केसांच्या मुळाशी लावायचं चिकट जेल. आमच्या स्टुडिओतून बाहेर पडणाऱ्या माणसाचे केस असे उभे असायचे की कोपऱ्यावरचा चहावाला विचारायचा, "जेलमधून सुटले का, भाऊ?"

स्टुडिओ म्हणजे कापसाच्या जिनिंगचं एक जुनं गोदाम. बापूनं ते भाड्यानं घेतलं होतं. बापू आमचा नट, निर्माता आणि मालक. आमच्या अहिराणी विनोदी व्हिडिओंमधला जाडा, सदा गोंधळलेला काका म्हणजे बापू. लिहायचो मी. बापूचा चेहरा चोपड्यापासून साक्रीपर्यंत पोरासोरांना पाठ, आणि माझं नाव शेवटी बारीक अक्षरांत येऊन जायचं. त्याचं मला वाईट वाटत नसे. कारण प्रत्येक नवा प्रसंग हातात घेतला की बापू आधी माझ्याकडे बघायचा आणि विचारायचा, "भाऊ, हाई चालई का?" मी मान हलवली की कॅमेरा सुरू. साऱ्या खान्देशाची नाडी माझ्या बोटाखाली आहे अशी माझी समजूत होती, आणि बापूचीही.

एके दिवशी ताई आल्या. तिशी नुकतीच ओलांडलेली, बारीक अंगाची, खांद्यावर मोठी बॅग. त्यांच्या संशोधनासाठी त्यांना माणसांना काहीतरी दाखवायचं होतं. परदेशातले तुकडे दाखवून पाहिले तर लोक जांभया देत होते. "आपल्या भाषेतलं, आपल्या माणसांचं काही मिळालं तर बघा ना," त्या बापूला म्हणाल्या. बदल्यात कोणता व्हिडिओ लोकांना आवडेल याचा अंदाज त्या आधीच सांगणार होत्या.

मी हसून म्हणालो, "त्यासाठी टोपी कशाला? लोकांनाच विचारा ना, आवडलं का म्हणून."

"भाऊ, पाहुणा कधी भाजी खारट झाली म्हणतो का?" त्या म्हणाल्या.

बापू खो खो हसला. या गोदामात माझ्या वाक्यावर दुसऱ्याचं वाक्य चढण्याची ती पहिली वेळ.

ताईंचं म्हणणं साधं होतं. एकट्या माणसाच्या मनात काय चाललंय ते टोपीला कळत नाही. पण वेगवेगळ्या वेळी आलेल्या माणसांना एकच गोष्ट दाखवली आणि त्या सगळ्यांच्या रेघा एकाच जागी एकसारख्या हलल्या, तर समजायचं की गोष्टीनं सगळ्यांना धरून ठेवलंय. रेघा पांगल्या तर माणसंही पांगली. हे त्या आमच्या आईलासुद्धा पटेल अशा भाषेत सांगायच्या. "कीर्तनात बुवा रंगले की सगळ्यांच्या माना एकदम डोलतात ना, मावशी? तेच. फक्त मान आतली."

आईचं नाव निघालंच आहे तर सांगतो. चाचणीला बसलेल्या माणसाचं डोकं ताई स्वतः धुऊन द्यायच्या. कोमट पाणी, शाम्पू, खांद्यावर टॉवेल. तरुण पोरं आपलं आपण धुवायची, पण म्हाताऱ्या बायांना त्या खुर्चीत बसवून, मागे मान टेकवून निगुतीनं केस धुवायच्या. माझी आई एकदा हौसेनं टोपी घालून आली आणि पुढचे कित्येक दिवस घरात एकच विषय. "एवढ्या मायेनं माझं डोकं माझ्या आईनंतर कोणी धुतलं नाही रे." आईला मी दवाखान्यात नेतो, तिचा चष्मा बदलून आणतो, तिच्या गोळ्या सांभाळतो. त्यातलं काही त्या आठवड्यात तिला आठवलं नाही.

पहिला घाव बसला तो माझ्या केळीच्या प्रसंगावर. बाप केळीचा ट्रक भरून पाठवतो आणि शहरात शिकणाऱ्या मुलाशी मनातल्या मनात बोलतो, असं एक लांब भाषण मी लिहिलं होतं. माझ्या मते मी लिहिलेलं सर्वांत चांगलं. ताईंनी लॅपटॉप माझ्याकडे वळवून दाखवला. "इथपर्यंत सगळे बरोबर आहेत. आणि इथून पुढे प्रत्येकजण आपापल्या घरी गेला."

"म्हणजे कंटाळले?"

"पांगले, एवढं दिसतं."

मी चिडलो. म्हणालो, "असंही असेल की प्रत्येकाला आपापला बाप आठवला. प्रत्येकाचा बाप वेगळा, म्हणून रेघ वेगळी."

त्या म्हणाल्या, "असेलही, भाऊ. ते माझ्या टोपीत येत नाही."

त्यांनी वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं. माणसाशी भांडता तरी येतं. हे असं 'असेलही' म्हणून मोकळं होणं मला कधी जमलं नाही, आणि ज्याला जमतं त्याचा राग येतो. व्हिडिओ आला आणि लोक भाषण सुरू होताच तो सोडून पुढे गेले. ताईंनी म्हटलं होतं त्याच जागी.

त्यानंतर बापूनं मान माझ्याकडून हळूहळू त्यांच्याकडे वळवली. आधी तो दोघांकडे बघायचा. मग आधी त्यांच्याकडे आणि नंतर माझ्याकडे. मग एक दिवस मी शेजारी उभा असताना त्यानं विचारलं, "ताई, हाई चालई का?" माझंच वाक्य, माझ्याच समोर, दुसऱ्या माणसाला. मी पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर गेलो. मी पैजा लावून पाहिल्या. पंगतीचा व्हिडिओ चालेल म्हणालो, त्या टॉवरचा म्हणाल्या. टॉवरचा चालला. पुढच्या वेळी मी मुद्दाम त्यांच्या अंदाजाच्या उलट बोललो आणि पुन्हा तोंडावर पडलो. स्थानिक वर्तमानपत्रात ताईंची मुलाखत आली. सोबतच्या छायाचित्रात बापू, ताई, टोपी, आणि कडेला कोणाचा तरी अर्धा खांदा. तो खांदा माझा. चाळीसगावला एका कार्यक्रमात पोरी सेल्फीसाठी धावत आल्या तेव्हा मी सवयीनं बापूच्या बाजूला सरकून जागा केली. त्या ताईंकडे गेल्या.

अशात आम्ही पहिला मोठा सिनेमा करायला घेतला. एका गावातल्या लग्नाची गोष्ट. बापूनं आपलं सगळं त्यात घातलं होतं. हा पडला तर गोदामाला कुलूप लागणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. लग्नात नवरदेवाच्या काकाला, म्हणजे बापूला, मांडवात आकडी येते. कोणी ओरडतं, 'चप्पल हुंगवा!' आणि मग वऱ्हाडी मंडळींत चढाओढ लागते, कोणाच्या चपलेला जास्त वास. हा प्रसंग माझा नव्हता. बापूनं तो शूटिंग चालू असताना उभ्या उभ्या रचला होता. मला तो हलका वाटत होता. मी काढून टाक म्हणून हट्ट धरला. बापू म्हणाला, "ताईले इचारू." पहिल्यांदाच मला टोपीची आशा वाटली. ती तरी याला खाली पाडेल.

चाचणी झाली. ताईंनी वायरी गोळा केल्या. मग घोटभर पाणी पिऊन म्हणाल्या, "हा प्रसंग सगळ्यात वर आहे. अख्ख्या सिनेमात लोक एवढे एकत्र दुसरीकडे कुठे नाहीत. हा चालेल."

बापूनं टाळी वाजवली. मी म्हणालो, "पण ताई, तुम्हाला कसा वाटला?"

"मला विचारताय की टोपीला?"

"टोपीला," बापूच मध्ये म्हणाला आणि हसला. ताईही थोडं हसल्या. विषय तिथेच संपला.

पुढच्या आठवड्यात मला एका नातेवाइकाच्या साखरपुड्याला धुळ्याला जायचं होतं. ताईंचं घर तिथेच देवपुरात. वडील भुसावळला रेल्वेत होते. निवृत्त झाल्यावर धुळ्यात घर बांधून राहिले. सुट्टीत ताई तिथे आल्या होत्या. त्यांनी तयार केलेला अहवाल बापूला हवा होता, म्हणून मी जाता जाता त्यांच्या दारात उभा राहिलो. त्यांच्यापेक्षा मोठ्या दिसणाऱ्या एका गृहस्थानं दार उघडलं. कपाळावर टाक्यांची ताजी खूण.

"मी मिलिंद. ताईचा भाऊ," तो म्हणाला. "धाकटा. दिसत नाही, पण आहे." मी कोण हे कळल्यावर त्याचा चेहरा उजळला. आमचे व्हिडिओ त्याला तोंडपाठ होते. कोणत्या व्हिडिओत कोणतं वाक्य कुठे येतं हे तो सांगत सुटला. माझं बारीक अक्षरांतलं नावसुद्धा त्याला ठाऊक होतं. घरातल्या भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, खाली मिलिंदकडे शिकवणीला येणाऱ्या मुलांच्या वह्यांचा ढीग. आबांनी, म्हणजे त्यांच्या वडिलांनी, माझी चौकशी केली. चहा आला.

कप हातात असतानाच मिलिंद बोलता बोलता थांबला. डोळे एका बाजूला वळले आणि तो खुर्चीवरून खाली आला. मी धडपडत उठलो. ताई माझ्याआधी तिथे होत्या. त्यांनी टीपॉय बाजूला सरकवला, डोक्याखाली उशी घातली, त्याला कुशीवर केलं आणि शर्टाचं वरचं बटण सोडलं. बस. मग नुसतं शेजारी बसून त्याच्या पाठीवर हात ठेवला. आबा घड्याळाकडे बघत उभे राहिले. आवाज ऐकून शेजारच्या म्हाताऱ्या बाई धावत आल्या. एका हातात कांदा, दुसऱ्या हातात चप्पल.

"मावशी, नको," ताई शांतपणे म्हणाल्या. "होईल आत्ता बरा. बसा तुम्ही."

ती चप्पल बघून मला आमचा मांडवातला प्रसंग आठवला.

मिलिंदला झोप लागल्यावर आम्ही ओट्यावर आलो. मी विचारलं, "ताई, तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलंत, लोकांना आवडेल का. आवडेल. तेच सांगितलं."

"एक शब्द खोटा बोलला असता तर प्रसंग निघाला असता. मला तर तो नकोच होता. कोणाला कळलंही नसतं."

"मग त्यानंतर मी सांगितलेलं कशाच्या भरवशावर ऐकलं असतंत?" त्या म्हणाल्या. मग आतल्या खोलीकडे बघत, "मी शाळेत होते तेव्हा मिलिंदला भुसावळहून इथल्याच दवाखान्यात आणून अशी टोपी घातली होती. गल्लीतले लोक म्हणत होते, बाहेरचं आहे. डॉक्टरांनी कागदावरच्या रेघा दाखवल्या. जे होतं ते तिथे होतं. कोणाच्या मनासारखं नव्हतं, पण होतं. तेव्हापासून मी रेघांशी खोटं बोलत नाही."

परतीच्या एसटीत पारोळा गेला, एरंडोल गेलं, आणि माझ्या डोक्यातून ताई जाईनात. इतके दिवस मला त्यांच्या टोपीचा हेवा वाटत होता. यंत्र आहे म्हणून जिंकतात, अशी मनाची समजूत तरी घालता येत होती. आता तीही सोय राहिली नाही. त्यांच्या जागी मी असतो तर रेघ वाकवली असती. भावासाठी वाकवली असती आणि वर स्वतःला चांगला माणूस समजलो असतो. यंत्राचा हेवा परवडतो. ते विकत तरी मिळतं.

मी बापूला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं देवपूरला गेलो. मिलिंदनं बापूला दारात बघितलं आणि त्याला काय करू नि काय नको असं झालं. बापूच्या डोळ्यांत मात्र पाणी. "भाऊ, तो सीन मी काढी टाकस," तो मिलिंदला म्हणाला.

"काढू नका!" मिलिंद जवळजवळ ओरडला. ताईंनी तोवर त्याला तो प्रसंग मोबाइलवर दाखवला होता. "बापू, हसण्यासारखं आहेच ते. मी शुद्धीवर येतो तेव्हा सगळ्यात आधी मला कळतं ते काय? गल्लीत कोणी नव्या चपला घेतल्या ते. फक्त तुमच्या सीनमध्ये सगळे बोलतात, पडलेला माणूस तेवढा बोलत नाही. त्यालाही एक वाक्य द्या ना."

"कोणतं?" मी विचारलं. लेखक मी होतो.

मिलिंदनं क्षणभर डोळे मिटले. मग तोंड वेडंवाकडं करून, शुद्धीवर येणाऱ्या माणसासारखा इकडेतिकडे बघत अहिराणीत म्हणाला, "एवढ्या चपला? देऊळ कोठे शे?"

बापू आडवा पडून हसला. मीही हसलो. हसता हसता मला आणखी एक हेवा जडला, तो आता भावाचा. असं वाक्य मला त्या प्रसंगासाठी सुचलं नव्हतं, कारण मी त्या जागी कधी पडलो नव्हतो.

प्रसंग आम्ही नव्यानं चित्रित केला. काका शुद्धीवर येतो, ते वाक्य बोलतो, आणि हातात चपला धरलेली मंडळी ओशाळी होऊन उभी राहतात. पुन्हा माणसं बसवली, पुन्हा जेल, पुन्हा टोप्या. आम्ही ताईंच्या पाठीमागे उभे. निदान आता तरी, भावाच्या वाक्यासाठी तरी, त्यांच्या आवाजात काही वेगळं येईल असं मला वाटत होतं.

"पहिल्याइतका चालणार नाही," ताई म्हणाल्या. "वाक्य येतं तिथे निम्मे हसतात, निम्मे एकदम गप्प होतात. रेघा फाटतात. याचा सिनेमाला फटका बसेल."

"किती?" बापूनं विचारलं.

"बराच."

बापूनं टक्कल चोळलं. गोदामाकडे, दिव्यांकडे, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता तो विचारेल, भाऊ, काय करू. त्यानं नाही विचारलं. तो म्हणाला, "फाटू द्या. हाऊच ठेवाना."

सिनेमा धुळ्यात आणि जळगावात लागला आणि फार दिवस राहिला नाही. ताईंनी सांगितलं होतं तसंच, जवळजवळ तेवढंच. गोदाम सोडावं लागलं. आता आम्ही बापूच्या घराच्या पुढच्या खोलीत काम करतो. बापू आजही त्या निर्णयाबद्दल एक अक्षर वावगं बोलत नाही. उलट कोणी विचारलं की म्हणतो, "ताईनी सांगेल व्हतं. मीच आयकं नही." मात्र मिलिंदच्या वाक्याला चित्रपटगृहात जी शांतता पडायची ती मी दाराशी उभा राहून ऐकली आहे. अर्धं चित्रपटगृह हसत असायचं आणि उरलेलं अर्धं आपल्या पायांकडे बघत असायचं.

आपल्याच माणसांच्या नुकसानीचा अंदाज इतका नेमका देणारी बाई बाहेरच्यांना हवी होती. हैदराबादच्या एका मोठ्या कंपनीनं ताईंना बोलावलं. हिवाळ्यात, आसोद्याकडच्या एका शेतात, बापूनं त्यांच्या निरोपाची भरीत पार्टी केली. काड्यांवर वांगी भाजली जात होती, कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या भाकरी, मिरचीचा ठेचा. माझ्या आईनं ताईंना साडी नेसवली. बापू बोलायला उभा राहिला आणि रडून खाली बसला. मला आग्रह झाला तेव्हा मी 'शुभेच्छा' एवढं म्हणून भाकरीकडे वळलो. ताई माझ्याजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, मिलिंदला तुमच्याबरोबर लिहायला घ्या. आबांना त्याच्या तब्येतीची काळजी आहे. मला त्याच्या वाक्यांची आहे. ती वाया जातात."

मी हो म्हणालो. नाही म्हणायला कारण सापडलं नाही, आणि सापडलं असतं तरी ते त्यांच्यासमोर टिकलं नसतं.

आता मी दर शनिवारी धुळ्याला जातो. मिलिंद आणि मी समोरासमोर बसून लिहितो. तो चांगलं लिहितो. काही दिवस माझ्यापेक्षा चांगलं, आणि असे दिवस वाढत चाललेत. पण प्रसंग पुरा झाला की तो मला वाचून दाखवत नाही. आधी हैदराबादला फोन लावतो. उठून खिडकीशी जातो, माझ्याकडे पाठ करतो आणि हळू आवाजात बहिणीला सगळा प्रसंग ऐकवतो. मी चहा पीत बसतो. तिकडे ती बाई हसते की नाही ते मला ऐकू येत नाही. मिलिंदचा आवाज मध्येच थांबतो, खांदे हलतात, तेव्हा कळतं की हसली. मग तो फोन ठेवून माझ्याकडे वळतो. त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर जे असतं ते माझ्या कुठल्याही शाबासकीनं तिथे आलेलं मी पाहिलेलं नाही.

"आता तुम्हाला वाचून दाखवू, भाऊ?" तो विचारतो.

"वाच," मी म्हणतो, आणि दुसऱ्यांदा ऐकणाऱ्या माणसाच्या जागेवर नीट सावरून बसतो.